जालन्याचा पत्ता

१ मे १९८१ रोजी जालना औरंगाबादपासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं. परतूर तालुका परभणीतून आला. त्या दिवशी कुणी छापील कोश उघडला असता, तर जालना जुन्याच जिल्ह्यात सापडलं असतं. केतकरांचा ज्ञानकोश १९२०च्या दशकात छापला जात होता तेव्हा तर ते निजामाच्या राज्यात होतं. कोशकारांचा यात दोष नाही. छापलेल्या पानाला पुढचं कसं कळणार?

यावरचा तोडगा १९९५मध्ये अमेरिकेत निघाला. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने असं संकेतस्थळ केलं, की वाचणाऱ्यालाच पान बदलता यावं. त्याला त्याने नाव दिलं 'विकी', म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत 'झटपट'. पण झटपट बदलणारं पान आधी काय म्हणत होतं, हे कोण लक्षात ठेवणार? २००१मध्ये विकिपीडिया सुरू झाला तो यूजमॉडविकी या सॉफ्टवेअरवर, आणि ते पानांच्या जुन्या आवृत्त्या काही दिवसांनी पुसून टाकायचं. पहिल्या काही महिन्यांतले कित्येक बदल गेलेच असं सगळे धरून चालले होते. २०१०मध्ये एका जुन्या बॅकअपमध्ये ते सापडले. दरम्यान विकिपीडियाने स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं होतं. तेच पुढे मीडियाविकी झालं. त्यात प्रत्येक बदल आणि तो करणाऱ्याची नोंद राहते. मराठी विकिपीडिया त्यावरच चालतो. त्याची सुरुवातही १ मेचीच, २००३ची.

उद्या तुम्हाला आपल्या तालुक्याचा विकी करायचा झाला, तर मीडियाविकी जड पडेल. त्याला डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही. टिडलीविकी ही एकच फाइल असते, व्हॉट्सॲपवरून पाठवता येते, पण दोघांनी आपापली प्रत बदलली की घोळ सुरू. पाच-दहा जणांसाठी मी डोकुविकी घेईन. मजकूर साध्या फायलींत राहतो, जुन्या आवृत्त्याही राहतात, आणि उद्या गाशा गुंडाळला तरी सगळं बरोबर नेता येतं. रंगरूप नंतर बघू.

जुन्या आवृत्त्यांसाठी एवढा हट्ट का, तर असईसाठी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. केळणा नदीला पुढे उतार नाही, असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. त्याने समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की यांची ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार. तो होताच. ही हकीकत आपल्याला कळते ती इंग्रजांकडून. वाटाड्यांना खरंच माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं? पलीकडच्या गावात याबद्दल काही वेगळं बोललं जात असेल, तर ते त्याच पानावर, आधीचं न पुसता, लिहिता यायला हवं.