पाडव्याची बोली आणि गप्प माणूस

कामाच्या ठिकाणी माणूस का बोलत नाही, असं म्हटलं की डोळ्यांपुढे ऑफिस येतं, साहेब येतो. आम्ही यवतमाळचे; आमचं कामाचं ठिकाण म्हणजे कपाशीचं वावर. तिथूनच सुरुवात करू.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीतून विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यांत पुष्कळ जण दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन फिरणारे मजूर. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. संरक्षक कपडे त्यांत आहेत, वैद्यकीय तपासणीही आहे. मग डोकं गरगरलं तेव्हा मजुरानं पंप खाली का ठेवला नाही? चर्चा झाली ती अज्ञानाची. आम्हांला हे उत्तर पटत नाही. गरगरणं कळायला शाळा लागत नाही.

आमच्याकडे सालगड्याची बोली गुढीपाडव्याला होते, आणि उचल आधीच घेतलेली असते. हर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली मांडलं, की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणं किंवा बोलणं. उचल घेतलेल्याला साल भरल्याशिवाय सुटका नाही. आणि जो जाऊ शकत नाही, त्याच्या बोलण्याला वजन कुठलं? रोजमजुराचं उलटं. तो कधीही जाऊ शकतो, म्हणून मालकही उद्या दुसरा बोलावू शकतो.

आता जरा मागे जाऊ. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात प्रौढ कामगाराच्या कामाच्या तासांवर काहीच मर्यादा नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. ही गाऱ्हाणी काय त्या दिवशी जन्मली? पण खात्यात जॉबर होता. कामावर घेणं-काढणं त्याच्या हाती. लोखंडे गिरणीची नोकरी सोडून 'दीनबंधु' चालवत होते, जॉबर त्यांचं काय बिघडवणार? आणि साडेपाच हजारांतून एकट्याला वेचून काढणार तरी कसं! तरीही सुट्टी मिळायला १८९० उजाडलं.

वावरात अशा सह्या कुठून गोळा व्हायच्या? दोन मजूर, चार एकर, आणि शेजारी मालक स्वतःच पंप घेऊन उभा. तोही कर्जात, तोही दवाखान्यात गेला, हे विसरू नका. पाडव्याच्या बोलीत पैसा ठरतो, धान्य ठरतं. फवारणीच्या दिवशी मास्क कोणी आणायचा, हे त्या बोलीत निघालेलं आम्ही तरी अजून ऐकलेलं नाही.