दूरच्या यंत्राशी बोलणारी तार

श्रोतेहो, विहिरीवरचा पंप बंद पडला की आपण उठून विहिरीवर जातो. पण पन्नास संगणक शेकडो मैलांवरच्या खोलीत असले आणि सांभाळणारा माणूस एकच असला, तर त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर जुन्या तारयंत्राने दिले. त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

१९३७ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, टेलिफोनचे रिले आणि विजेरीचे दिवे जोडून बेरीज करणारे एक लहानसे यंत्र केले. त्यातूनच पुढे न्यूयॉर्कमध्ये मोठे गणकयंत्र उभे राहिले. ११ सप्टेंबर १९४० रोजी हॅनोव्हर गावी डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा भरली. यंत्र तर हलवण्यासारखे नव्हते! तेव्हा स्टिबिट्झ यांनी सभेत फक्त टेलिप्रिंटर मांडला. प्रश्न टाइप केला की तो तारेवरून न्यूयॉर्कला जाई आणि थोड्याच वेळात उत्तर कागदावर उमटे. दुरून गणकयंत्र चालवण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग.

आता ही तार काम कशी करते ते पाहू. पाऊलवाटेवरून माणसे एकामागून एक चालतात, तसे अक्षराचे ठोके एकाच तारेवरून ओळीने जातात. म्हणून हिला ‘सीरियल’ जोडणी म्हणतात. वाट अरुंद, चाल हळू, पण बिघडण्यासारखे तीत फारसे काही नाही. १९६० साली तिचे ‘आरएस-२३२’ हे प्रमाण ठरले. १९६३ च्या सुमाराचा टेलिटाइप ३३ सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी. त्या टेलिटाइपच्या नावाचे ‘टीटीवाय’ हे संक्षिप्त रूप आजही लिनक्समध्ये टिकून आहे.

पुढे यंत्रे वाढली. प्रत्येकापुढे वेगळा पडदा कुठवर मांडणार? मग सगळ्यांच्या सीरियल तारा एका पेटीत आणल्या. तिला म्हणतात कन्सोल सर्व्हर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नंबर जोडून द्यावा, तसा दूर बसलेला माणूस हवे ते यंत्र निवडतो आणि त्याच्याशी बोलतो. यंत्र सुरू होताना, नेटवर्क जागे होण्याआधीच, या तारेवर त्याचे बोलणे ऐकू येते. ते कोसळले, तर त्याचे शेवटचे शब्दही पेटी टिपून ठेवते. मात्र पेटीपर्यंत जायची वाट वेगळी हवी. म्हणून अनेक ठिकाणी तिला स्वतंत्र टेलिफोन लाइन देत.

ही काळजी का, ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी साऱ्या जगाला कळले. त्या रात्री नऊनंतर आपल्याकडचे व्हॉट्सअ‍ॅपही मुके झाले, ते सुमारे सहा तास! देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुक कंपनीचे मुख्य जाळेच तुटले होते. नेहमीची वाट बंद, आणि संकटासाठी राखलेली दुसरी वाटही बंद. अखेर माणसांना यंत्रांपाशी प्रत्यक्ष पाठवावे लागले.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना हे अवश्य सांगावे. दुसरी किल्ली करून ठेवणे शहाणपणाचे खरे, पण ती त्याच कुलुपबंद पेटीत ठेवली, तर वेळेला तिचा काय उपयोग?