स्प्लाइन दंड
स्प्लाइन दंड : अक्षाला समांतर असे अनेक दाते ज्याच्या अंगातूनच कोरलेले असतात व जे चाकाच्या तुंब्यातील तशाच खाचांत बसतात, अशा फिरत्या दंडाला स्प्लाइन दंड म्हणतात. एकाच चावीने चाक पक्के करण्याची पद्धत जुनी. पण तीत सगळा भार एका कडेवर येतो. मोटारगाडीच्या दंतचक्रपेटीत चाके दंडावर सरकवावी लागू लागली, तेव्हा प्रथम चौकोनी दंड व पुढे सरळ बाजूंच्या स्प्लाइना प्रचारात आल्या.

दात्यांमुळे दंड अधिक पीळ पेलतो, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. गोल दंडाची क्षमता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते : कर्तन प्रतिबल दर चौ. मिमी.ला ४० न्यूटन धरल्यास २० मिमी. व्यासाचा दंड सु. ६३, तर ४० मिमी.चा सु. ५०३ न्यूटन-मीटर पीळ पेलतो. खाचा कोरल्यावर मात्र हिशेब मुळाशी उरलेल्या व्यासावरच करावा लागतो, शिवाय खाचेच्या कोपऱ्याशी प्रतिबल एकवटते. ते किती, हे काढणे दुष्कर होते. सां-व्हनां यांचा अवर्तुळाकार छेदांविषयीचा सिद्धांत (१८५५) साध्या आकृत्यांपुरताच सुटत असे. तीच समीकरणे ताणलेल्या पटलाच्या फुगवट्यालाही लागू पडतात, हे लूटव्हिख प्रांट्ल यांनी १९०३ मध्ये दाखविले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरो येथील विमान कारखान्यात ए. ए. ग्रिफिथ व जी. आय. टेलर यांनी त्याचा प्रत्यक्ष उपयोग केला (१९१७). पत्र्यात दंडाच्या छेदाच्या आकाराचे एक व शेजारी तुलनेसाठी एक गोल छिद्र पाडून दोन्हींवर साबणाचे पटल धरावयाचे आणि ते किंचित फुगवावयाचे. पटलाचा उतार म्हणजे प्रतिबल व त्याखालील घनफळ म्हणजे पिळाचे माप. बाहेर आलेल्या कोपऱ्यात पटल जवळजवळ सपाट राहते, आत घुसलेल्या कोपऱ्याशी ते कड्यासारखे उभे होते. म्हणजे दाते पीळ चाकाकडे पोहोचवितात, दंडाच्या स्वतःच्या बळात फारशी भर घालीत नाहीत. धोका खाचेच्या तळाशी असतो. इतक्या क्षुल्लक साधनाने इतका महत्त्वाचा निर्णय क्वचितच मिळाला असेल.

यामुळे खाचेचा तळ गोलसर ठेवण्याचे महत्त्व स्पष्ट झाले. मुळाशी जाड असलेले इन्व्हॉल्यूट वक्राचे दाते येथे सोयीचे ठरतात. दंतचक्रे कापण्याच्या हॉबिंग यंत्रावर ते होत असल्याने त्यांचा प्रसारही सुकर झाला. तरीही सर्व दाते सारखा भार घेत नाहीत. कापण्यातील सूक्ष्म चुकांमुळे काहींवर तो जास्त पडतो, म्हणून अभिकल्पक सर्व दाते हिशेबात धरीत नाहीत.

ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडण्याचा सु. ३५ मिमी. व्यासाचा दंड शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी त्यास ६, तर १,००० फेऱ्यांसाठी २१ स्प्लाइना असतात. ३५ किलोवॉट शक्ती नेताना पहिल्यावर सु. ६१९, तर दुसऱ्यावर सु. ३३४ न्यूटन-मीटर पीळ येतो.