कामगारांची मधली सुटी : कायद्यातील तरतूद

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५५ नुसार प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई होती. त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. राज्य सरकारच्या किंवा मुख्य निरीक्षकांच्या लेखी आदेशाने ही मर्यादा सहा तासांपर्यंत वाढवता येत असे. कलम ५६ ने विश्रांतीसह कामाचा दिवस सर्वसाधारणपणे साडेदहा तासांपुरता मर्यादित केला. त्यामुळे मधली सुटी लांबवून कामगाराला दिवसभर अडकवून ठेवता येत नसे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. तिच्या कलम २५ मध्ये दैनिक कामाचे आठ तास निश्चित आहेत. विश्रांतीचा अवधी मात्र संबंधित सरकारने अधिसूचनेद्वारे ठरवायचा आहे.