वृषणाचं जुनाट दुखणं : अवयव काढण्यापासून मज्जातंतू कापण्यापर्यंत

अंडकोशात महिनोन्‌महिने दुखतंय, पण सांगायचं कुणाला? बरेच पुरुष हे दुखणं घरातही लपवतात. ३ महिन्यांहून जास्त टिकलं की आम्ही त्याला जुनाट म्हणतो. मार, जंतुसंसर्ग किंवा नसबंदीनंतर ते सुरू होतं. अनेकदा कारण सापडतच नाही.

पूर्वी औषधांनी भागलं नाही की वृषणच काढून टाकत. तरीही काहींचं दुखणं राहायचंच! १९७८ मध्ये अमेरिकेत डिव्हाइन आणि शेलहॅमर यांनी वेगळा मार्ग मांडला. वृषण ठेवायचं, त्याला जोडलेल्या दोरीसारख्या भागातले वेदनेचे बारीक मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली कापायचे, रोहिणी मात्र जपायची.

२००० मध्ये ‘दा विंची’ रोबोटला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे फ्लोरिडातल्या सिजो पारेकट्टिल यांनी तो याच कामाला लावला. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने या दोरीतल्या ३ जागा दाखवल्या, जिथे बिघडलेले मज्जातंतू जास्त सापडतात.

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, बरं का. हात सर्जनचेच, यंत्र त्यांचा कंप गाळतं. सरावलेला सर्जन सूक्ष्मदर्शकानेही हेच करतो, त्यामुळे केवळ ‘रोबोटिक’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. त्याआधी भुलीचं इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने दुखणं तात्पुरतं थांबलं, तरच ऑपरेशनचा विचार.

आणि अचानक, असह्य दुखू लागलं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठा, ६ तासांच्या आत पीळ सुटायला हवा.