कर्मचारी-सहभाग (एटापल्ली तालुका)

कर्मचारी-सहभाग : काम करणाऱ्याने केवळ मजुरीपुरते न राबता धंद्याचे निर्णय, जोखीम आणि नफा यांत वाटेकरी होणे. व्यवस्थापनशास्त्रात हा विषय विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकाच्या १९९० मधील लेखापासून विशेष चर्चेत आला. माणूस कामात किती मनापासून उतरतो, यावर त्यांचा भर होता. भारतात उद्योगाच्या कारभारात कामगारांना स्थान देण्याचे तत्त्व १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३-क म्हणून राज्यघटनेत आले. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात या सहभागाचा खरा कस लागतो तो विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर.

तेंदूचा हंगाम मुख्यतः मे महिन्यातला आणि थोड्याच दिवसांचा. कोवळी पालवी फुटावी म्हणून त्याआधी, उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपे छाटतात. पहाटे घरची माणसे जंगलात जातात. उन्हे चढल्यावर घरी बसून पाने जुळवतात आणि ७० पानांचा एक पुडा बांधतात. असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर पुडे मोजून घेतले जातात, मोकळ्या जागेत ओळीने वाळवले व उलटवले जातात. गोणीत भरण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडतात, नाहीतर वाळलेले पान चुरते. डाग पडलेले, भोक असलेले किंवा जून पान विडी वळणाऱ्याला चालत नाही. हजारो पुड्यांतले प्रत्येक पान कोणताही मुनशी तपासू शकत नाही. ती निवड तोडणाऱ्याच्या हातूनच व्हावी लागते. पुडे मोजून मजुरी दिली की संख्या वाढते, प्रत वाढतेच असे नाही. भावात आपला वाटा आहे हे ठाऊक असलेली बाई मात्र खराब पान जागीच टाकते. धंद्याच्या यशाशी सहभागाचा संबंध याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

हा वाटा पूर्वी नव्हता. महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९ खाली वनखाते तेंदू घटकांचा लिलाव करी, ठेकेदार माल उचली आणि गावाच्या पदरी तोडाईची मजुरी पडे. या मजुरीच्या दरांचा प्रश्न १९८० च्या दशकात इतका तापला, की नक्षलवाद्यांनी या भागात पाय रोवताना तोच प्रश्न हाती घेतला. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम यांमुळे गौण वनोपजावर ग्रामसभांचा अधिकार आला. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून वाट मोकळी केली.

आता ग्रामसभा खरेदीदाराशी भाव ठरवते आणि करार करते. मजुरीखेरीज मिळणाऱ्या रॉयल्टीतून पुड्यांच्या प्रमाणात बोनस वाटला जातो, काही रक्कम गावाच्या कामांसाठी राखली जाते. पण मालकीबरोबर जोखीमही गावाकडे आली आहे. अवकाळी पाऊस, पडलेला भाव, पैसे थकवणारा ठेकेदार यांचा फटका आता थेट घराघरांत बसतो. करार वाचणारे, हिशेब ठेवणारे तरुण ग्रामसभेत नसतील तर कागदावरच्या अधिकाराचा उपयोग होत नाही.

विडीधंद्याच्या दुसऱ्या टोकालाही असेच उदाहरण आहे. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यानंतर केरळच्या कण्णूर भागातले मोठे कारखाने मालकांनी बंद केले. तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभारली, आणि ती राज्यातील मोठ्या कामगार-सहकारी उद्योगांपैकी एक ठरली.

एटापल्लीत सहभागाचा आणखी एक प्रयोग लोहखनिजाच्या खाणीत झाला. सूरजागडच्या डोंगरात लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी ही कंपनी उत्खनन करते. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे नक्षलवाद्यांनी अनेक वाहने जाळली होती. पुढे २०२१ पासून काम जोमाने सुरू झाले. या कंपनीने स्थानिक आदिवासी कामगारांना शेअर दिले. आत्मसमर्पण केलेल्या नक्षलवाद्यांनाही काम दिले. कामगाराला भागधारक करण्याचे हे पाऊल मोलाचे आहे. मात्र त्यातून वाटा मिळतो तो नोकरीत असलेल्याला. डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरवणाऱ्या माडिया आदिवासींच्या गावांचा प्रश्न त्याने सुटत नाही. याच तालुक्यातील तोडगट्टा येथे २०२३ मध्ये प्रस्तावित खाणींविरुद्ध ग्रामसभांनी कित्येक महिने ठिय्या दिला होता. तेंदूच्या व्यवहारात भाव ठरवण्याआधी ग्रामसभेला विचारावे लागते. खाणीच्या बाबतीत तेवढे तरी व्हायला हवे.