कच्चा कागद आणि फलकावरचा कागद

शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पडलेला स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमाचा कच्चा कागद आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. कोणीही यावे, एखादे नाव खोडावे, समासात दोन ओळी घालाव्यात. तोच कागद सुवाच्य अक्षरात उतरवून, मुख्याध्यापकांची सही होऊन फलकावर लागला, की त्याला पेन लावायला कोणी धजत नाही. मजकूर तोच असतो, पण कागदाची जात बदललेली असते. संगणकाच्या जाळ्यावर हे दोन कागद कसे वेगळे झाले आणि पुन्हा एकाच ठिकाणी कसे आले, ती हकिगत आपण पाहू.

जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत 1989 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी माहितीच्या जाळ्याची कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ तेथे येत, काही काळ काम करून परत जात, आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाई. तिला बांधून ठेवणारे काहीतरी हवे होते. 1990 च्या अखेरीस त्यांनी नेक्स्ट या संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, तो केवळ वाचण्याचे साधन नव्हता. पान उघडले की त्यातच लिहिता येई, शब्द निवडून त्याला दुसऱ्या पानाचा दुवा जोडता येई. वाचक आणि लेखक असा भेदच त्यात नव्हता.

मग हा भेद आला कोठून? कोणी तो मुद्दाम केला असे नाही. नेक्स्ट हा महागडा संगणक फार थोड्यांकडे होता. इतर यंत्रांवर चालेल असा साधा ब्राउझर लिहिण्याचे काम निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने केले. तो जवळजवळ कोठेही चाले, पण त्यात फक्त वाचता येई. पुढे 1993 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझेक तयार केला. मजकुरातच चित्रे दाखवणारा हा ब्राउझर झपाट्याने पसरला. त्यातही लेखनाची सोय नव्हती. जगातील बहुतेकांना जाळ्याची ओळख झाली ती अशी, केवळ वाचक म्हणून.

लेखणी वाचकाच्या हाती परत देण्याचा गाजलेला प्रयत्न 1995 मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी केला. त्यांच्या 'विकी'मध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी मजकूर बदलण्याचा दुवा असे. विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत 'चटकन'. होनोलुलू विमानतळावरच्या बसचे हे नाव त्यांच्या लक्षात राहिले होते. येथे परवानगी नाही, सही नाही. सगळा कच्चा कागद! 2001 मध्ये सुरू झालेला विकिपीडिया याच बीजातून उगवला, आणि 2003 पासून मराठीतही तो आहे.

कचेऱ्यांची गरज मात्र निराळी होती. एखाद्या विभागातील दहा माणसांना मिळून कागदपत्रे ठेवायची असत; पण सर्व कर्मचाऱ्यांसाठी काढलेले परिपत्रक कोणीही बदलून चालत नसे. मायक्रोसॉफ्टने 2001 मध्ये गटाने काम करण्यासाठी शेअरपॉइंट आणले. त्याच वर्षी व्हँकूव्हरची एनकंपास ही कंपनी विकत घेऊन संकेतस्थळे प्रसिद्ध करण्याचे वेगळे साधनही मिळवले. एक कच्च्या कागदाचे, दुसरे फलकाचे. 2007 च्या शेअरपॉइंटमध्ये ही दोन्ही एकत्र आली.

एकत्र आली, पण मिसळली नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवे. गटाच्या साध्या स्थळावर प्रकाशनाची सुविधा मुळात बंदच असे. ती सुरू करायची तर आधी सर्व उपस्थळांना सामावणाऱ्या संपूर्ण संग्रहासाठी आणि मग त्या विशिष्ट स्थळासाठी, अशा दोन कळा दाबाव्या लागत. मगच पानांचे ठरावीक आराखडे मिळत: शीर्षक कोठे, चित्र कोठे, मजकूर किती रुंद. लेखकाने फक्त चौकटी भरायच्या. पान दुरुस्त करायचे तर ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे ते आधी आपल्या नावावर घ्यायचे. तोवर इतरांना त्यात बदल करता येत नसे. मसुद्यांना 0.1, 0.2 असे आकडे मिळत आणि प्रसिद्ध झालेली प्रत 1.0 होई. सामान्य वाचकाला 1.0 दिसे, आतली खाडाखोड आतच राही.

आम्हाला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती निराळीच. ती कळ दाबताच स्थळावर माणसांचे नवे गट आपोआप तयार होत: मंजुरी देणारे, मांडणी ठरवणारे, स्थळाची रचना सांभाळणारे. काल ज्या गटात मालक, सभासद आणि पाहुणे एवढेच होते, तेथे आज पदे आली. वरवर ही पानाच्या सजावटीची सोय. प्रत्यक्षात लिहिलेले पान वाचकांपुढे कोणी ठेवायचे, हा प्रश्न तिच्यात दडलेला. सजावटीच्या हौसेने ही कळ दाबणाऱ्याला लवकरच कळे, की साधी तारीख दुरुस्त करायलाही आता पान नावावर घ्या, परत करा, प्रसिद्ध करा, अशी यातायात आहे. उलट ती न दाबणाऱ्या ठिकाणी अर्धवट मसुदा सगळ्यांसमोर उघडा पडण्याची भीती. दोन्ही तक्रारी खऱ्याच होत्या.

2016 पासून शेअरपॉइंटमध्ये नव्या धर्तीची पाने येऊ लागली. त्यांत मसुदा जपून ठेवणे आणि प्रसिद्ध करणे या दोन पायऱ्या गटाच्या साध्या स्थळावरही मिळतात. जुनी कळ त्यासाठी दाबावी लागत नाही. मंजुरीची अट घालायची की नाही, हे गटाने ठरवायचे. ती घातली नाही, तर 'प्रसिद्ध करा' हे बटण पान लिहिणाऱ्या सभासदाच्याच हाती असते.